नगारा आणि किल्ल्या

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला आले, जगदंबा मंदिरात त्यांनी नगारा वाजवला आणि बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले. विधानसभेचे मतदान दीड महिन्यावर होते. याच वाशीमने १९७७ साली वसंतराव नाईकांना आणि १९८०, १९८४ मध्ये तर थेट जम्मू-काश्मीरच्या गुलाम नबी आझादांना लोकसभेत धाडले होते. काँग्रेसची मुळे इतकी खोल होती. मग 'शेटजी-भटजींचा' म्हणून हिणवला जाणारा पक्ष तांड्यावरच्या नगाऱ्यापर्यंत पोहोचला कसा?

सुरुवात कोण्या लोकनेत्याने केली नाही, हे आधी सांगायला हवे. ती संघटनेने केली. वसंतराव भागवत या पडद्याआडच्या कार्यकर्त्याने माळी, धनगर, वंजारी या जातींची मोट बांधली. त्यालाच पुढे 'माधव' म्हटले गेले. ना. स. फरांदे, अण्णा डांगे आणि गोपीनाथ मुंडे ही माणसे त्यातून पुढे आली. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात (वाशीम वेगळा झाला १९९८ साली) भाऊसाहेब फुंडकर हा शेतकरी चेहरा १९८९ पासून सलग तीनदा लोकसभेवर गेला.

मुंडेंनी मात्र नुसता चेहरा बदलला नाही, पक्षाची बोली बदलली. १९९४ च्या संघर्ष यात्रेत हिंदुत्वापेक्षा शरद पवार, गुन्हेगारी आणि भ्रष्टाचार हेच विषय अधिक गाजले. 'ते' सत्तेतले, 'आपण' रस्त्यावरचे, अशी सरळ विभागणी. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जनाही त्यातलीच. १९८५ मध्ये १६ आमदार असलेला भाजप १९९५ मध्ये ६५ वर गेला, मुंडे उपमुख्यमंत्री झाले. एन्रॉन बुडाला नाही. फेरवाटाघाटी होऊन नवा करार झाला. लोकानुनयी राजकारणाचा हा नेहमीचाच हिशेब. पण गर्जना ऐकायला आलेली माणसे पक्षातच राहिली, आणि माझ्या मते खरा बदल तो आहे.

तिकिटांच्या किल्ल्या मात्र संघटनेकडेच राहिल्या. २०११ मध्ये खुद्द मुंडे पक्ष सोडण्याच्या उंबरठ्यावर होते. २०१९ मध्ये एकनाथ खडसेंना उमेदवारी नाकारली गेली. वाशीममध्ये २००९ पासून सलग तीनदा निवडून आलेल्या लखन मलिकांना २०२४ मध्ये घरी बसवले, नवा उमेदवार दिला, आणि जागा तरीही पक्षाकडेच राहिली. माणूस बदलता येतो इतके मतदार पक्षाचे झाले होते.

म्हणून नेत्याने काय कमावले हे त्याच्या पदावरून मोजू नये. जातीचा उल्लेख टाळून हिंदू ऐक्य साधायचे, ही या परिवाराची जुनी शिस्त. २०१० मध्ये मुंडेंनी लोकसभेत ओबीसींच्या जनगणनेची मागणी लावून धरली, ती त्या शिस्तीत बसणारी नव्हती. ३ जून २०१४ ला ते गेले. ३० एप्रिल २०२५ ला त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाखालील केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केला.