काटा खोटा की इंजिन तापलेले?

काटोल, नरखेड आणि वरुडच्या संत्रापट्ट्यात १९९४ साली बाजारात आलेली टाटा सुमो, २००० साली आलेली महिंद्रा बोलेरो आणि त्याहूनही जुन्या जीप अजून राबताना दिसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा अशा गाडीच्या डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा हाच चालकाचा मुख्य आधार असतो. हा काटा बिघडला, तर इंजिन ठीक असूनही विनाकारण खर्च होतो किंवा तापलेली गाडी तशीच दामटली जाते. दुसरी चूक फार महागात पडते, कारण अतितापामुळे हेड गॅस्केट जळते आणि सिलिंडर हेड वाकू शकते.

डिझेल इंजिनात हा धोका अधिक असतो. त्यात इंधन ठिणगीने नव्हे, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. त्यामुळे यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत अल्टरनेटरने, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राने, काम सोडले तरी इंजिन बराच वेळ चालत राहते आणि बिघाडाची पहिली खूण मीटरवरच उमटते.

या मीटरची रचना साधी असते. किल्ली ऑन केल्यावर फ्यूजमधून आलेला प्रवाह मीटरमधून सेन्सरकडे आणि तेथून गाडीच्या लोखंडी सांगाड्यात, म्हणजे अर्थमध्ये जातो. तापमानाच्या सेन्सरचा विद्युतरोध पाणी तापत जाईल तसा घटतो, तर इंधनाच्या टाकीतील सेन्सरचा रोध फ्लोट वर-खाली होताच बदलतो. या बदलानुसार काटा सरकतो. अनेक जुन्या गाड्यांत मीटरना स्थिर दाब देणारा व्होल्टेज स्टॅबिलायझरही असतो.

म्हणून निदानाचा पहिला प्रश्न असा की, एकच काटा चुकतो की अनेक? इंधन आणि तापमान हे दोन्ही काटे एकदम पडले किंवा एकदम चढले, तर दोन सेन्सर एकाच दिवशी निकामी झाल्याचे मानण्याऐवजी फ्यूज, स्टॅबिलायझर आणि मीटरचा अर्थ तपासणे शहाणपणाचे ठरते. चार्जिंगचा दिवा लागला आणि त्याच वेळी तापमानही चढू लागले, तर तो मीटरचा दोष न समजता फॅनबेल्ट तुटला असल्याचे गृहीत धरून गाडी ताबडतोब थांबवावी, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात.

केवळ तापमानाचाच काटा चुकत असेल, तर इंजिन थंड असताना सेन्सरवरील वायर काढून किल्ली ऑन करावी; काटा खालीच राहायला हवा. मग तीच वायर क्षणभर स्वच्छ लोखंडाला टेकवली असता काटा वर चढला, तर मीटर आणि वायर शाबूत असून संशय सेन्सरवर जातो. काटा हललाच नाही, तर दोष वायर, जोड किंवा मीटरमध्ये शोधावा लागतो. वायर टेकवून धरू नये, कारण मीटर जळू शकतो. इंधनाच्या सेन्सरलाही हीच तपासणी लागू पडते. मात्र टेकवल्यावर काटा ‘पूर्ण’ दाखवेल की ‘रिकामा’, हे कंपनीगणिक बदलते. सेन्सरची अंतिम खात्री मल्टिमीटरने, गरम आणि थंड अशा दोन्ही अवस्थांत रोध मोजून करता येते.

एक फसगत मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे: गळतीमुळे पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली, तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत उघडा पडतो आणि इंजिन तापत असतानाही काटा खाली दिसू शकतो. त्यामुळे काटा अकारण पडल्यास सेन्सर बदलण्याआधी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, रेडिएटरमधील पाणी पाहावे. ऑइलच्या दाबाचा दिवा चालू इंजिनात लागला, तर ‘स्विच खराब असेल’ या अंदाजावर एक किलोमीटरही जाऊ नये. ऑइलची पातळी पाहावी आणि यांत्रिक दाबमापक लावून खरा दाब मोजून घ्यावा.

काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणे जसे चूक, तसेच ‘जुन्या गाडीचे मीटर असेच असतात’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणेही चूकच. आधी इंजिनाची सुरक्षितता, मग वायर आणि अर्थ, आणि सर्वांत शेवटी नवा सुटा भाग, हा क्रम पाळणाऱ्या मालकाचा पैसाही वाचतो आणि इंजिनही.