परळ-भायखळ्याचा धडा

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांतला एखादा तरुण कार्यकर्ता हमखास विचारतो, 'आमदार व्हायचे तर काय करावे लागते?' आपल्याकडे अशा प्रश्नाला नाक मुरडण्याची चाल पडली आहे. मला ती मान्य नाही. आपण सत्ता नको म्हटले की ती आपल्यावतीने दुसराच कोणी वापरतो.

कायद्याच्या अटी सोप्या आहेत. वय २५ पूर्ण, भारताचे नागरिकत्व, राज्याच्या मतदारयादीत नाव. अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक, नसेल तर दहा. महाराष्ट्रातल्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. मुंबईत धारावी आणि कुर्ला. गिरगावपासून लालबाग-दादरपर्यंत एकही नाही. म्हणजे परळच्या चाळीतल्या कार्यकर्त्याला घरच्या मतदारसंघात लढायचे तर सर्वसाधारण जागाच लढवावी लागते. तसे लढण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

अर्ज भरणे कोणालाही जमते. मते कोणाची आणि ती कोणत्या रीतीने पडतात, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहाव्यात.

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर भायखळा-परळ भागातून राखीव जागेवर उभे राहिले. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा होता. काँग्रेसने समोर आणले नामवंत क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांना. चांभार समाजातला, सर्वांना प्रिय असलेला माणूस. निवड हुशारीची होती. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. त्या वेळी अनेक जागांच्या मतदारसंघात जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येने थोडे, पण एकजुटीचे असलेल्या लोकांना ही रीत फार उपयोगी.

१९५२ ला रीत बदलली. मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ. मतदाराला दोन मते, पण एका उमेदवाराला एकच देता येई. आपले पहिले मत बाबासाहेबांना पडले तरी राखीव जागेचा निकाल इतरांच्या दुसऱ्या मतावर लागणार. म्हणून समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांशी समझोता झाला. तरीही काँग्रेसचे नारायण काजरोळकर १४ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले आणि मेहताही पडले. मते मुद्दाम वाया घालवायला लावली, अशी तक्रार बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे केली. ती फेटाळली गेली. घटना लिहिणारा माणूस त्याच घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीत, गिरणगावाच्या शेजारी, हरला. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले, पण राखीव जागेचा आमदार आजही सगळ्यांच्या मतांवरच निवडून येतो. तो कोणाला जबाबदार राहणार, हा १९३२ च्या पुणे कराराचा प्रश्न तसाच उभा आहे.

मत न देणे हेही एक हत्यार आहे. १९७४ च्या मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्कार पुकारला आणि काँग्रेस पडली. पण त्याआधी वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली, आणि नंतरच्या मोर्च्यात भागवत जाधव गेले. किंमत कोणी मोजली ते विसरू नये.

निवडून आल्यावर काय? १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. बहुमत नव्हते, ते पास झाले नाही. पण जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चाने कौन्सिल हॉलवर आले. त्याच वर्षी औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाला सभागृहात विरोध झाला आणि ७ नोव्हेंबरला गिरण्यांत संप. आत विधेयक, बाहेर माणसे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मात्र पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर आमदारकीच जाऊ शकते. म्हणून तिकीट कोणाचे घ्यायचे हे ठरवतानाच पुढच्या पाच वर्षांतली बरीचशी मते ठरून जातात.

हे काम शिकावे लागते, असे बाबासाहेबांचे मत होते. १ जुलै १९५६ ला त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. विद्यार्थी पंधरा. डिसेंबरात बाबासाहेब गेले. शाळा मार्च १९५७ पर्यंत चालली.