हीट गन घेताना कोणता आकडा पाहायचा?

हीट गनच्या खोक्यावर सगळ्यात ठळक आकडा असतो कमाल तापमानाचा: ६०० अंश, ६५० अंश. गिऱ्हाईकही तोच पाहून भाव करतं. घरच्या कामाला मात्र त्याचा उपयोग सगळ्यात कमी.

कामांचीच यादी करा. वायरच्या सांध्यावर चढवायची श्रिंक स्लीव्ह साधारण ९० ते १२० अंशांना आकसते. पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो. अ‍ॅक्रिलिकची पट्टी वाकवायला १५० ते १६० अंश लागतात. बरण्यांवरची लेबलं, गाडीवरचे जुने स्टिकर तर त्याहून कमी उष्णतेत सुटतात. हवा वस्तूपर्यंत पोहोचेतो निवते, म्हणून गनचं तापमान थोडं वर ठेवावं लागतं. तरीही यातलं बहुतेक काम ३०० अंशांच्या आत उरकतं. चारशे-पाचशेची गरज पडते ती जुना रंग उतरवताना. म्हणून आधी विचारायचं ते हे, की ही गन कमीत कमी किती तापमान देते आणि ते टिकवते का?

गनच्या पोटात फार काही नसतं. अभ्रकाच्या किंवा सिरॅमिकच्या साच्यावर गुंडाळलेली निक्रोमची तार, मागे पंखा आणि मोटर. हवा किती तापणार हे तारेला मिळणारी वीज आणि तिच्यावरून जाणारी हवा या दोहोंवर ठरतं. स्वस्त गनला दोन पायऱ्यांचं बटण असतं. नॉझल कामाच्या फार जवळ नेलं आणि हवा अडली की तापमान आपोआप चढतं आणि स्लीव्ह करपते. थोड्या महाग गनमध्ये तोंडाशी सेन्सर असतो, तो विजेचं प्रमाण कमी-जास्त करतो. जास्तीचे पैसे द्यायचे तर यासाठी द्यावेत. पडद्यावरचा आकडा मात्र नॉझलच्या तोंडाशी मोजलेला असतो. काही सेंटिमीटर पुढे तापमान बरंच उतरलेलं असतं.

दुसरा प्रश्न भिंतीतल्या विजेचा. २००० वॉटची गन २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर ओढते. आपल्याकडचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. म्हणजे गीझरसारखं १६ अँपिअरचं सॉकेट हवं, आणि मोबाइल चार्जरसाठी आणलेला एक्स्टेंशन बोर्ड नको. शिवाय दाब २०० व्होल्टवर घसरला तर त्याच गनचे सुमारे १५०० वॉटच उरतात. जिथे संध्याकाळी दिवे मंदावतात, तिथे सेन्सर असलेल्या गनचा फरक हमखास जाणवतो.

टिकाऊपणा गन बंद करताना कळतो. काम संपताच बटण बंद केलं की तारेतली धग आतच कोंडते आणि साचा व मोटर दोघांनाही त्रास देते. म्हणून नुसत्या गार हवेची पायरी असावी आणि मिनिटभर तरी ती चालवावी. जास्त तापल्यावर आपोआप वीज तोडणारी सोय, दुहेरी इन्सुलेशनची चौकोनात चौकोन ही खूण आणि गन उभी ठेवता येईल असा सपाट मागचा भाग, या तीन गोष्टी नसतील तर खोकं परत ठेवावं. नॉझल दोन पुरतात: स्लीव्हभोवती हवा वळवणारं अर्धगोल आणि रंगासाठी चपटं. खिडकीचा रंग काढायचा असेल, तर काचेवर झोत जाऊ न देणारं तिसरं घ्यावं. असमान तापलेली काच तडकते.

जुन्या रंगाबाबत जपावं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांत शिसं असू शकतं. अमेरिकेच्या नियमांत शिशाच्या रंगावर १,१०० अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे सुमारे ५९३ सेल्सिअसच्या वर हीट गन चालवायला मनाई आहे, कारण त्यापुढे शिशाच्या वाफांचा धोका असतो. खोक्यावरचा ६५०चा आकडा ती रेषा ओलांडतो. घरात लहान मूल असेल तर असा रंग स्वतः उतरवूच नये. पीव्हीसीही करपू देऊ नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि घसा धरतो.

मोबाइल किंवा सर्किट बोर्डाची दुरुस्ती हा हेतू असेल, तर ही गन घेऊच नका. शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं खरं, पण एवढ्या रुंद झोताने शेजारचे सुटे भागही हलतात. त्यासाठी बारीक तोंडाचं हॉट एअर स्टेशन वेगळं मिळतं.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत दुकानदार गन चालू करून दाखवायला सहसा नाही म्हणत नाही. त्याला सगळ्यात खालच्या पायरीवर ती चालू करायला सांगा आणि स्लीव्हचा एक तुकडा सोबत न्या. तो न करपता सारखा आकसला, मोटर घरघरली नाही आणि मूठ गरम झाली नाही, तर आतल्या तारेची कॉइल सुटी मिळते का एवढं विचारून बिल करा.