एकादशीच्या ताटातले परदेशी पाहुणे

उपवासाच्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "हे चालतं का हो?" नवी सून असेल तर दिवसातून दहादा. जिरे चालते, मोहरी चालत नाही. एका घरात कोथिंबीर चालते, शेजारच्या घरात तिचे पान जरी पडले तरी अख्खी कढई बाजूला काढतात. आणि हे सगळे "पूर्वापार चालत आलेले" म्हणून आपण मुकाट्याने पाळतो.

आता गंमत पाहा. साबुदाण्याची उसळ, त्यात बटाटा, शेंगदाण्याचा कूट आणि हिरवी मिरची. सोबत रताळ्याच्या गोड चकत्या, राजगिऱ्याचा लाडू आणि दिवस असतील तर एखादे सीताफळ. या ताटातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ समुद्र ओलांडून आलेला आहे! कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले. त्याआधी यातले बहुतेक काही आपल्याकडे कोणी पाहिलेले नव्हते. ज्यांची समाधी आपल्या अंबाजोगाईला आहे, त्या मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ साली. त्यांच्या घरी एकादशी झालीच असेल, पण त्या ताटात ना बटाटा, ना दाणे, ना मिरची.

मिरचीचे तर मलाच प्रथम खरे वाटेना. मराठवाड्यातले जेवण आणि मिरची नाही? पण तिखटासाठी तेव्हा मिरे, पिंपळी, आले आणि सुंठ यांवरच काम भागत असे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ही नवी शेंग आली आणि मिऱ्यासारखी तिखट म्हणून तिचे नाव पडले मिरची. नाव इतके घरचे आहे की पाहुणी आहे असा संशयही येऊ नये.

बटाट्याच्या नावाची तऱ्हा आणखी निराळी. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा. पण 'बटाटा' हे नाव त्याचे नव्हेच! कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. युरोपातल्या लोकांनी तेच नाव या नव्या कंदालाही चिकटवले आणि पोर्तुगीजांकडून ते आपण घेतले. रताळेही तिकडचेच, बरं का. म्हणजे नाव धाकट्याने पळवले आणि थोरला रताळे होऊन बसला.

भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. शेतात कधी गेलात तर झाड मुळासकट उपटून जरूर पाहा. फूल लागते वर, उन्हात. ते सुकल्यावर त्याच्या बुडाशी एक दोऱ्यासारखी आरी फुटते, ती खाली वाकून मातीत शिरते आणि शेंग जमिनीच्या आत भरते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सहावीच्या मुलींना विचारले, तर निम्म्याजणींना शेंगा मुळांना लागतात असेच वाटत होते. अन् त्यांत शेतकऱ्यांच्या मुलीही होत्या!

सीताफळ मात्र आपल्या बीड जिल्ह्याचा अभिमान. धारूर, अंबाजोगाई, बीडकडचे बालाघाटाचे डोंगर दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळांनी लदलेले असतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे. तरीही हे फळ उष्ण अमेरिकेतले. काही प्राचीन शिल्पांतली फळे सीताफळेच आहेत असे म्हणणारे विद्वान होऊन गेले, पण बहुतेक शास्त्रज्ञ त्याचे माहेर अमेरिकाच मानतात. रामफळही तिकडचे. आपण त्यांना राम-सीतेची नावे देऊन टाकली आणि विषय संपवला! माहेरची आठवणही राहू नये अशी सून या झाडासारखी दुसरी नाही. मुरमाड, कोरड्या जमिनीवर वाढते, पाणी फारसे मागत नाही, आणि त्याच्या कडू पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. उघड्या डोंगरावर ते तगले ते यामुळेच.

जाता जाता एक सांगते. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी मुलींच्या डोक्याला लावायची पद्धत अजून आहे. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, फार आग होते, दिसायला त्रास होतो. उवांना औषध दुकानात मिळते, तेच बरे.

आता साबुदाणा. याच्यावरून आमच्या घरात दोन महिने वाद चालला होता. सासूबाईंना मधुमेह. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, महाशिवरात्रीला परळीला वैद्यनाथाचे दर्शन, असे उपवास त्यांच्या अंगवळणी पडलेले. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी साखर हमखास वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "उपवास करा, पण साबुदाणा सोडा." सासूबाई म्हणाल्या, "पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, मी कशी मोडू?"

तेव्हा मी त्यांना साबुदाण्याची जन्मकथा सांगितली. साबुदाणा काही झाडाला लागत नाही. पूर्वी तो आग्नेय आशियातल्या सागो नावाच्या ताडाच्या गाभ्यापासून करत आणि परदेशातून येत असे. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया-सिंगापूर घेतले, आयात थांबली. तेव्हा १९४० नंतरच्या त्या वर्षांत तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायचे कारखाने निघाले. हा कंदही ब्राझीलकडचा. तो सोलून, धुऊन, दळून त्याचे दुधासारखे पाणी काढतात, खाली बसलेला साका झोळीत घालून हलवतात की त्याचे मणी वळतात, मग ते भाजून वाळवतात. म्हणजे आपल्या जोंधळ्या-बाजरीपुढे हे कालचे पोर! आणि त्यात असते काय? जवळजवळ नुसता स्टार्च. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिने नसतात.

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाई भगरच खायच्या. साबुदाणा घरात असायचा तो आजाऱ्याच्या पेजेपुरता." त्यांचे त्यांनाच आठवले, मला काही पटवून द्यावे लागले नाही. आता त्या भगर खातात, तीही मोजून, आणि सकाळी राजगिऱ्याची भाकरी. साखर पूर्ण आटोक्यात आली असे म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशीचा तो भलता आकडा दिसत नाही. (तुमच्या घरी मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या चालू असताना उपाशी राहणे हेही धोक्याचेच.)

राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने असतात. हाही पाहुणाच, आणि त्याची गोष्ट सगळ्यांत नवलाची. मेक्सिकोतले अॅझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड रस कालवून देवाच्या मूर्ती घडवत आणि पूजेनंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश लोकांनी ही पूजा बंद पाडली. पण राजगिरा काही संपला नाही. मेक्सिकोत आजही फुलवलेल्या राजगिऱ्याच्या वड्या विकतात, अगदी आपल्या चिक्कीसारख्या. त्यांना नाव आहे 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन जणींनी तोच दाणा फुलवून पाकात घालावा, याचे मला फार कौतुक वाटते.

हे सगळे उपवासाला चालू कसे लागले? मला वाटते, जुन्या नियमांत धान्य वर्ज्य होते, आणि ही मंडळी त्या यादीत नव्हतीच. यादीत नाव नाही, म्हणजे मनाईही नाही! कुठल्यातरी काळी कुठल्यातरी बाईने चुलीपुढे उभी राहून "चालतं" म्हटले असणार, आणि तेच शास्त्र झाले.

ताटात अस्सल देशी उरते ती भगर. पण तिच्याबाबत डोळ्यांत तेल घालायला हवे. भगरीला, विशेषतः तिच्या पिठाला, दमट हवेत बुरशी चटकन धरते आणि त्या बुरशीचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणे, असे होऊन गावेच्या गावे दवाखान्यात गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात नवरात्र-महाशिवरात्रीला आपण वाचतोच. तेव्हा सुटे पीठ मुळीच आणू नका. पाकिटावरची तारीख पाहून भगर घ्या, निवडून, स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. मागच्या उपवासाचे उरलेले पीठ पुढच्याला वापरू नका.

राहता राहिली कोथिंबीर. धणे आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहेत, तरी तिला आमच्याकडे प्रवेश नाही. टोमॅटो तर मिरचीचाच भाऊबंद, त्याच देशातला, तोही बाहेरच उभा. धाकट्या जाऊबाईंनी परवा विचारले, "मिरची चालते तर टोमॅटो का नको?" सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या एकादशीला बघू."