याकोबाच्या विहिरीपासून केडगावपर्यंत

वारज्याहून पुण्याकडे निघाले की आधी लागते कर्वेनगर, म्हणजे जुने हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली इथल्या माळरानावर आला. अण्णासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई, घरच्यांच्या ‘बाया’, माहेरच्या गोदूबाई जोशी. त्या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह होण्यापूर्वी त्या शिकल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. सदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. हिंगण्याच्या कार्याची एक मुळी अशी एका ख्रिस्ती स्त्रीच्या घरात रुजलेली आहे.

गेल्या लेखांकात आपण बायबलमधल्या ईयोबाचा प्रश्न पाहिला: निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का? रमाबाईंना हा प्रश्न ग्रंथातून नव्हे, अंगावर भोगून कळला होता. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करता करता आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरलेल्या भावाबरोबर त्या पायी हिंडत कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेजच्या जोगिणींनी चालवलेल्या फुलॅमच्या आश्रमात, समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिलेल्या बायकांना मायेने सावरले जाताना त्यांनी पाहिले. ही करुणा आली कुठून, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवण्यात आली: याकोबाच्या विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो ती. परजातीची, लोकांच्या नजरेतून उतरलेली ती बाई. तिच्याकडे तो पाणी मागतो आणि धर्मातली गहन गोष्टही तिलाच सांगतो. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांच्या श्रद्धेची सुरुवातच टाकलेल्या बाईपासून झाली, आणि पुढचे सगळे आयुष्य त्याच बाईच्या शोधात गेले.

पण धर्म स्वीकारला म्हणून चर्चपुढे मान तुकवली, असे झाले नाही. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. सिद्धान्त असोत की बिशपांचा अधिकार, पटल्याखेरीज रमाबाई काही मान्य करत नाहीत.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे आश्वासन होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती खरी होती, ती हसण्यावारी नेऊ नये. पण दार उघडे ठेवून प्रार्थना करणाऱ्या बाईने ती लपूनछपून करायला हवी होती, असेही म्हणता येत नाही.

त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी लागली १८९६-९७च्या दुष्काळात. लहानपणी भुकेने घर उद्ध्वस्त झालेले पाहिलेली ही बाई स्वतः मध्य प्रांतात गेली आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आली. पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढ्या जणींना शहरात ठेवण्याची सोय नव्हती. दौंडच्या वाटेवर केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे त्यांचे बिऱ्हाड पडले आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. १९००च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. तिथे नुसते अन्नछत्र नव्हते. विणकाम, शेती, दूधदुभते, छपाई, सगळे बायकाच करत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींसाठी बर्तिमी सदन.

याच काळातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. मे १८९७ मध्ये रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांची होणारी विटंबना आणि तिथली गैरव्यवस्था उघड केली. सदनातलीच एक मुलगी तिथे नेली गेली होती. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोचले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. भुकेल्याला घास देणे पुष्कळांना जमते. त्याच हाताने सरकारला जाब विचारणारे थोडे, आणि रमाबाईंचे मोठेपण या लेखमालेच्या दृष्टीने इथेच आहे.

उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

केडगाव पुणे–दौंड लोहमार्गावर आहे आणि मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे. वारजे-कर्वेनगरच्या वाचकांनी हिंगण्याइतकेच तेही आपले मानावे आणि एकदा पाहून यावे. पुढच्या लेखांकात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘हरित वसई’ची चळवळ.