गोव्याचा चेंडू, मुंबईचे भांडवल

मिरज जंक्शनवरून एक रूळ पुण्यामार्गे मुंबईकडे जातो, तर दुसरा लोंढ्यावरून घाट उतरून वास्कोला पोचतो. सांगलीला खेटून असलेल्या माधवनगरच्या माणसाला ही दोन्ही टोके सारखीच परिचयाची आहेत. मुलगा नोकरीसाठी पहिल्या गाडीत बसतो आणि कुटुंब सुट्टीसाठी दुसऱ्या. व्यावसायिक फुटबॉलमधील मराठी मुलखाला जवळचे वाटावेत असे दोन मोठे संघही नेमके याच दोन टोकांना आहेत : मुंबई सिटी आणि एफसी गोवा. हंगाम तोंडावर आला की, यंदा दोघांत सरस कोण, हा प्रश्न महाविद्यालयाच्या आवारात, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत आणि शिक्षकांच्या खोलीतही चर्चिला जातो.

ही चर्चा बहुधा एकाच वाटेने जाते. कोणता आघाडीवीर आला, कोणता बचावपटू गेला, प्रशिक्षक कोण, पहिले सामने घरच्या मैदानावर किती, याची बेरीज-वजाबाकी होते आणि भाकीत तयार होते. अशा भाकितात गंमत आहे हे कबूल. परंतु या दोन संघांचा २०१४ पासूनचा इतिहास नीट पाहिला, तर ही बेरीज चुकीच्या रकान्यांची आहे, असेच म्हणावे लागते.

तीन उपांत्य लढती

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. पहिल्या काही वर्षांत या दोघांत तुलना करण्याजोगे फारसे नव्हते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर गोव्याने मुंबईवर ७-० असा विजय मिळविला. मार्च २०१९ च्या उपांत्य लढतीत गोव्याने मुंबईत जाऊन पाच गोल केले आणि दोन सामने मिळून ५-२ अशी सरशी साधली. २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल राहून गोव्याने लीग शील्ड मिळविले. त्या बळावर २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय संघ ठरला.

यानंतर चित्र पालटले, आणि ते मैदानावर पालटण्यापूर्वी करारपत्रावर पालटले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई संघाचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. पुढच्याच वर्षी, गोव्याला आक्रमक खेळाची सवय लावणारे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले. त्यांच्यापूर्वी किंवा पाठोपाठ अहमद जाहू, ह्यूगो बुमूस आणि मुर्तादा फॉल हे तीन परदेशी आधारस्तंभ आले. शिवाय मंदार राव देसाई हा अस्सल गोमंतकीय खेळाडूही मुंबईकर झाला. म्हणजे संघाची घडी, घडी बसविणारा आणि घडीतील मुख्य माणसे अशी तिन्ही एका गावाहून दुसऱ्या गावी गेली.

त्याचे फळ त्याच हंगामात दिसले. २०२०-२१ च्या उपांत्य लढतीत गोवा आणि मुंबई पुन्हा समोरासमोर आले. दोन सामन्यांतही निकाल लागला नाही आणि पेनल्टींवर मुंबई जिंकली. अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने केलेल्या गोलाने मोहन बागान संघाचा २-१ असा पराभव झाला. एकाच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही जिंकणारा मुंबई हा पहिला संघ. पुढे २०२२-२३ चे शील्ड आणि २०२३-२४ चा चषकही मुंबईकडे आला.

तिसरी उपांत्य लढत एप्रिल २०२४ ची. फातोर्ड्यावर नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा दोन गोलांनी पुढे होता. शेवटच्या काही मिनिटांत मुंबईने तीन गोल करून सामना ३-२ असा हिरावला आणि पुढचा सामनाही जिंकून एकूण ५-२ असा हिशेब पुरा केला. २०१९ चा आकडा तसाच्या तसा उलटा झाला होता. दोन महिन्यांच्या आतच सात वर्षे गोव्याकडून खेळलेला ब्रँडन फर्नांडिस मुंबईच्या संघात दाखल झाला.

या क्रमाला नशीब म्हणता येणार नाही. कुशल श्रमिक जेथे वेतन आणि संधी अधिक तेथे जातो, हा श्रमबाजाराचा सामान्य नियम फुटबॉललाही लागू आहे. सांगली जिल्ह्यातील अभियंता पुण्याला जातो तेव्हा त्याला कोणी दोष देत नाही. गोव्यातील मध्यरक्षक अंधेरीला गेला म्हणून त्यालाही देऊ नये. प्रश्न खेळाडूंच्या निष्ठेचा नाही. ज्या भांडवलावर ही खरेदी उभी राहते, त्या भांडवलाची निष्ठा कोणाशी आहे, हा खरा प्रश्न आहे.

आश्रयदाता उठून गेला तेव्हा

या प्रश्नाचे उत्तर २०२५ ने दिले. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांना दिले होते. लीग चालविणारी कंपनी त्याच करारावर उभी होती. कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार आणि नूतनीकरण होत नाही, असे दिसताच जुलैमध्ये हंगाम स्थगित झाला. पुढे निविदा काढल्या, तर एकही बोली आली नाही. कित्येक संघांनी सराव थांबविला. सरस कोण, हा प्रश्नच गैरलागू ठरला, कारण हंगाम होणार की नाही हेच कोणाला सांगता येईना. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून आखूड स्वरूपात स्पर्धा घेण्याची घोषणा केली.

दरम्यान, डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने भारतातील भविष्य अनिश्चित असल्याचे कारण देऊन मुंबईतील आपला हिस्सा सोडला आणि मालकी मूळ संस्थापकांकडे परत गेली. जगभर शाखा असलेल्या उद्योगाने तोट्याची शाखा बंद करावी, यात व्यापारी दृष्टीने गैर काही नाही. पण ज्या सहा वर्षांत मुंबईने सगळे मोठे यश मिळविले, ती सहा वर्षे आणि त्या भांडवलाची सहा वर्षे एकच होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

सांगलीच्या वाचकाला हा प्रसंग नवा वाटू नये. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी येथे ‘सीतास्वयंवर’ रंगविले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय संपला. भाव्यांनी मंडळी घेऊन मुलूखगिरी आरंभिली, आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. मराठी रंगभूमी जगली ती राजाश्रयाच्या जागी तिने लोकाश्रय मिळविला म्हणून. भारतीय व्यावसायिक फुटबॉल आज त्याच वळणावर उभे आहे. फरक इतकाच की, भाव्यांना तिकीट लावण्याचे सुचले होते आणि फुटबॉलच्या चालकांना अजून दुसरा राजा शोधण्याचेच सुचते.

प्रेम आहे, हक्क नाही

लोकाश्रयाच्या कसोटीवर पाहिले तर पारडे गोव्याकडे झुकते. मुंबईने पहिले दोन हंगाम नवी मुंबईच्या प्रचंड मैदानावर काढले आणि २०१६ पासून ती अंधेरीच्या सात-आठ हजारांच्या मैदानात आली. फातोर्ड्याचे मैदान याच्या दुपटीहून मोठे आहे. दक्षिण गोव्यात फुटबॉल हा चर्चच्या पटांगणापासून ग्रामसंघांपर्यंत मुरलेला खेळ आहे. गोव्याचा संघ एक खेळाडू गमावतो तेव्हा त्याच्या जागी गावातलाच दुसरा उभा राहण्याची शक्यता असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा बलाढ्य अल नासर संघ फातोर्ड्याला आला. गोवा २-१ ने हरला, परंतु गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिस या गोमंतकीय तरुणाचा होता. मे २०२५ आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये सुपर कप जिंकून गोव्याने, लीग डळमळीत असतानाही संघ बांधून ठेवता येतो, हे दाखविले.

तरीही येथेच थांबणे भाबडेपणाचे होईल. गोव्याचेच धेंपो आणि साळगांवकर हे संघ आठवावेत. धेंपोने राष्ट्रीय स्तरावर पाच अजिंक्यपदे मिळविली, साळगांवकरने दोन. त्यांच्यावर गोव्याचे प्रेम काही कमी नव्हते. पण २०१६ मध्ये, नव्या लीगला वरचे स्थान देण्याच्या महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून, या दोघांनी स्पोर्टिंग क्लबसह आय-लीगमधून अंग काढून घेतले. निषेध रास्त असेल, पण निर्णय उद्योगघराण्यांनी घेतला. मैदानाभोवती उभे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. मुंबईतही २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. पुण्यात २००७ ते २०१९ या बारा वर्षांत पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी हे संघ आले आणि गेले. प्रेम होते, हक्क नव्हता. लोकाश्रय मालकीत उतरला नाही, तर तो केवळ टाळ्यांपुरता उरतो.

पुण्याच्या उलट उदाहरण माधवनगरपासून तास-दीड तासावर, कोल्हापुरात आहे. तेथे १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन काम करीत आहे आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असे पेठांचे व तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर दरवर्षी झुंजतात. त्यांच्याकडे परदेशी समूहाचे भांडवल नाही. समर्थकांच्या हुल्लडबाजीचे गालबोटही या स्पर्धांना अनेकदा लागले आहे. परंतु संघ ‘आपला’ आहे ही भावना तेथे घोषणेत नसून वर्गणीत आहे. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मात्र त्याला घडविण्याचे शास्त्रशुद्ध काम पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले, हेही विसरता कामा नये. लोकाश्रयाला शास्त्राची जोड लागतेच.

ताळेबंदाची दुसरी बाजू

यावर एक आक्षेप संभवतो. तिकिटांवर व्यावसायिक संघ चालेल काय? साधा हिशेब मांडून पाहावा. समजा सामन्याला आठ हजार प्रेक्षक आले आणि सरासरी तिकीट तीनशे रुपये धरले, तर एका सामन्याचे चोवीस लाख होतात. घरचे बारा सामने धरले तर वर्षाचे दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख. खेळाडू, प्रशिक्षक, प्रवास, मैदान यांचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा भांडवलदाराशिवाय भागणार नाही, हे मान्य करावे लागेल. पण भांडवलदार असणे आणि एकट्या भांडवलदाराच्या हाती संघाचे जीवनमरण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जर्मनीत काही अपवाद वगळता संघाच्या निम्म्याहून अधिक मतांचा अधिकार सभासदांकडेच राहावा, असा नियम आहे. भांडवल बाहेरून येते, अखेरचा शब्द गावाचा राहतो. बार्सिलोनाचे सभासद आपला अध्यक्ष मतदानाने निवडतात. पश्चिम महाराष्ट्राला हे परके वाटण्याचे कारण नाही. येथील शेतकऱ्याने शेअर घेऊन साखर कारखाने उभे केले आणि उसाबरोबर मताचाही अधिकार मिळविला. सहकाराच्या मर्यादा, त्यातील गटबाजी आणि थकबाकी येथील सभासदाला नव्याने सांगायला नको. तरीसुद्धा, कारखाना बंद करायचा झाला तर सभासदांपुढे यावे लागते, एवढे संरक्षण त्याला असते. मुंबई सिटीच्या किंवा गोव्याच्या चाहत्याला तेवढेही नाही.

म्हणून महासंघाने नव्या व्यवस्थेत संघांना मान्यता देताना दोन अटी घालाव्यात. पहिली, प्रत्येक संघात समर्थकांच्या नोंदणीकृत संस्थेला काही हिस्सा आणि संचालक मंडळावर एक जागा असावी. दुसरी, मालकाने संघ सोडायचा ठरविल्यास एक पूर्ण हंगाम आधी सूचना देऊन तेवढ्या काळाच्या वेतनाची रक्कम अनामत ठेवावी. या अटींनी गोल वाढणार नाहीत. मात्र कराराच्या मुदतीत खेळाडूच्या घरची चूल विझणार नाही आणि रात्रीतून संघ नाहीसा होणार नाही.

मग सरस कोण? एका हंगामापुरते विचाराल तर चार परदेशी खेळाडूंची योग्य निवड आणि दोन दुखापती टळणे एवढ्यावरही पारडे फिरू शकते. पाच वर्षांचा विचार केला तर गोव्याची बाजू अधिक भक्कम दिसते, कारण खेळाडू पिकविणारी जमीन त्याच्या पायाखाली आहे. मुंबईपाशी ती जमीन थोडी आणि बाजारपेठ मोठी आहे. बाजारपेठेचे सभासदात रूपांतर करता आले तर तिलाही कोणाची वाट पाहावी लागणार नाही. दहा वर्षांचा विचार केला तर मात्र दोन्ही संघांचे भवितव्य एकाच प्रश्नावर अवलंबून आहे : उद्या आश्रयदाता उठून गेला, तर तंबू कोण सावरणार? पुढच्या हंगामापूर्वी खेळाडूंची यादी हातात पडेल तेव्हा वाचकांनी तिच्याबरोबर मालकांची यादीही वाचावी.