पाहुणा किती दिवस पाहुणा?

करावे गावात आम्ही राहायला आलो, त्याला अकरा वर्षे झाली. त्याआधी आसपासच्या टॉवरांमध्ये सहा-सात घरे पाहिली होती. फोनवर सगळे ठरायचे, पण नाव सांगितले की 'मालकांचा विचार बदलला' असा निरोप यायचा. शेवटी गावठाणातल्या एका आगरी कुटुंबाने चावी हातात ठेवली. घरातल्या आजींनी एकच चौकशी केली, "मासळी खाता ना?" हो म्हटल्यावर चहा आला.

आम्ही काही निर्वासित नव्हतो. शाळेतली नोकरी मिळाली म्हणून टेम्पोत सामान भरून आलो होतो. तरीही दार उघडणे म्हणजे काय, ते तेव्हा कळले. यंदाच्या सुट्टीत भाचीच्या लग्नाचे कापड घ्यायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलो, तेव्हा ते सारे पुन्हा आठवले. कापडाची ही घाऊक बाजारपेठ बहुतेकांना ठाऊक असते. मात्र या वळिवडे परिसराने पाच-सहा वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या निर्वासितांना जागा दिली, हे फारसे कोणी सांगत नाही.

पहिले आले ते पोलंडचे लोक. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला आणि लाखो पोलिश माणसे सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकलली गेली. पुढे सुटका झाल्यावर १९४२ मध्ये लाखाहून अधिक लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. इस्फहानने इतकी पोरकी मुले सांभाळली की 'पोलिश मुलांचे शहर' हे नावच त्याला पडले. त्यांतले काही पुढे हिंदुस्थानात आले. जामनगरच्या महाराजांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उभारली. १९४३ मध्ये वळिवड्याला सुमारे पाच हजारांची वसाहत झाली. त्यात बायका, मुले आणि म्हातारीच अधिक, कारण पुरुष फौजेत होते. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटके, सगळे तिथेच. काही मुलींनी इथल्या तरुणांशी लग्न करून कोल्हापुरातच संसार थाटला. कोल्हापुरात त्यांचे स्मारकही आहे. पण ते पाहुणे आहेत, आज ना उद्या जाणार, हे दोन्ही बाजू जाणून होत्या. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे पांगले.

मग त्याच जागेत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी हिंदू आले. यांना परतायला गावच उरले नव्हते. त्यांनी दुकाने मांडली. त्यांचे मराठी गल्ल्यावर बसून पक्के झाले. स्थानिक व्यापाऱ्यांत कुरबुर झालीच नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. पण आज गांधीनगरचा दुकानदार आमच्याशी घासाघीस करतो ती अस्सल कोल्हापुरी मराठीत. कल्याणच्या लष्करी छावण्यांतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात अजून पत्ता 'कॅम्प नंबर चार' असा सांगतात, तरी तिथल्या माणसाला निर्वासित म्हटलेले आम्ही तरी ऐकले नाही. उलट कराचीत गेलेल्या आपल्या लोकांना तिसऱ्या पिढीतही मुहाजिरच म्हणतात. उर्दू शिकवताना हा शब्द आला की आम्हाला दोन्ही शहरे आठवतात.

मुहाजिर म्हटले की अन्सार आलेच. मदिनेत हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, हे आपण वाजमध्ये कितीदा ऐकतो. पुढचा भाग मात्र घाईत उरकला जातो. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली, मालमत्ता नाकारली आणि बाजार कुठे आहे तेवढे दाखवायला सांगितले. मग तूप-पनीर विकून त्यांनी सुरुवात केली. साद यांचा मोठेपणा आहेच, पण ज्या मदिनेत परक्याला बाजारात बसता आले, त्या मदिनेचाही तो मोठेपणा आहे.

आज हा बाजारच बहुतेक ठिकाणी बंद असतो. युगांडाने २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करायची, हिंडायची मुभा दिली, वस्त्यांमध्ये कसायला जमिनीचा तुकडाही मिळतो. बांगलादेशाने २०१७ मध्ये लाखो रोहिंग्यांना जागा दिली, ते उपकार कोणी नाकारू नयेत. पण कॉक्स बाजारच्या छावण्यांना कुंपण आहे आणि रीतसर नोकरीला मनाई. तरुण पोरे रेशनच्या रांगेत मोठी होत आहेत. तुर्कस्तानाने पस्तीस लाखांहून अधिक सिरियन लोकांना सुरुवातीला 'पाहुणे' म्हटले. शब्द गोड खरा, पण पाहुण्याला भाडेकरार लागत नाही आणि हक्कही नसतो. २०२३ च्या निवडणुकीत याच पाहुण्यांना परत पाठवायच्या घोषणा झाल्या.

यजमानाचीही बाजू आहे आणि ती आम्हाला करावेतच कळली. सिडको १९७० मध्ये आली आणि आजींची भातशेती गेली. खाडीतली मासळीही उतरली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान भागात गोळीबारात पाच माणसे गेली, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के जमिनीची योजना हाती आली. ज्यांच्या शेतावर शहर उभे राहिले, त्यांच्याच मुलांना टॉवरचा वॉचमन अडवतो. उखिया-टेकनाफच्या मजुराचे दुखणे वेगळे नाही. निर्वासितांना आसरा दिला देशाने, पण मजुरी घटली त्याची, जंगल तुटले त्याच्या गावाचे. त्याची भरपाई न करता त्याला माणुसकी शिकवायला जाणे आम्हाला पटत नाही.

आमच्या वर्गात दरवर्षी बिहार-बंगालहून आलेली दोन-चार मुले असतात. मराठीचा एक शब्द येत नसतो. आम्ही त्यांना गावातल्या मुलाशेजारी बसवतो. गेल्या जूनमध्ये आलेला एक मुलगा पहिला महिना गप्पच होता. दिवाळीपर्यंत तो चक्क आगरीत भांडायला लागला. तक्रार घेऊन आलेल्या मुलाला आम्ही काय सांगणार? हसू आवरून दोघांनाही पाच-पाच ओळी शुद्धलेखन लिहायला लावले.